पुरोगामी ख्रिस्ती श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरोगामी ख्रिस्ती म्हणजे नेमकं कोण? हा वेगळा पंथ आहे का?

पंथ नाही. याचं सभासदत्व नाही, वेगळा बाप्तिस्मा नाही. कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, लुथरन, बॅप्टिस्ट अशा जवळजवळ प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ही माणसं सापडतात. काही उघडपणे बोलतात, बरीचशी मागच्या बाकावर गप्प बसून असतात. येशूच्या मागे जायचं, बायबल मन लावून वाचायचं, पण वाचताना इतिहास, विज्ञान आणि आपली सदसद्विवेकबुद्धी दाराबाहेर ठेवायची नाही, एवढं सगळ्यांत समान. पुढे मतभेद भरपूर. त्यामुळे खालची उत्तरं एका प्रवाहाची आहेत, आणि काही ठिकाणी उघड उघड माझी.

हे खूळ अलीकडचंच ना?

नाव अलीकडचं आहे, विचार नाही. जर्मन धर्मचिंतक फ्रीडरिश श्लायरमाखर यांनी 1799 मध्येच धर्माला नाकं मुरडणाऱ्या सुशिक्षितांना उद्देशून लिहिलं होतं की धर्माचं मूळ माणसाच्या अंतःकरणातल्या जाणिवेत आहे, सिद्धांतांच्या यादीत नाही. वॉल्टर राउशेनबुश 1886 पासून न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत पाळक होते. तिथे इतक्या लहान मुलांचे अंत्यविधी त्यांना करावे लागले की फक्त आत्म्याच्या तारणाचा उपदेश करणं त्यांना जमेना. घरभाडं, मजुरी, सांडपाणी हे विषय त्यांच्या शुभवर्तमानात आले ते असे. लॅटिन अमेरिकेत 1970 च्या आसपास धर्मगुरू गुस्तावो गुटिएरेझ आणि त्यांच्या सोबत्यांनी गरिबांच्या बाजूने बायबल वाचायला घेतलं.

आणखी मागे जायचं तर चौथ्या शतकात निसाचे बिशप ग्रेगरी बायबलातल्या "उपदेशक" या पुस्तकावर प्रवचन करत होते. "मी दास व दासी घेतल्या" या ओळीशी येऊन ते थांबले आणि श्रोत्यांनाच विचारू लागले की देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती ठरवली, आणि विकणारा कोण? ज्या काळात गुलामगिरी हवेइतकी स्वाभाविक वाटत होती, त्या काळातलं हे बोलणं आहे.

मला शंका येतात. मग माझी श्रद्धा खोटी का?

नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाचंही काहीतरी करा. येशू त्याला आधी परीक्षा पास हो म्हणत नाही, मुलाला बरं करतो. श्रद्धेत भरवसा ठेवणं आहे, चालणं आहे, कधी कधी नुसतं टिकून राहणं आहे. विधानांच्या यादीखाली सही करणं हा त्यातला फार छोटा भाग.

मराठी वाचकाला या बाबतीत पंडिता रमाबाईंची पत्रं वाचावीशी वाटायला हरकत नाही. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर लवकरच आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा वाद सुरू झाला. त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर) वाद, चमत्कारांवर वाद, बिशपच्या अधिकारावर वाद. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं. पुढच्या आयुष्यात त्यांची श्रद्धा बरीच पारंपरिक, संजीवनाच्या (भावनेने पेटलेल्या धर्मजागृतीच्या) वळणाची झाली, हेही खरं. त्यांना "आमच्या गोटातल्या" म्हणून मिरवायचं कारण नाही. पण प्रश्न विचारत असतानाही त्या ख्रिस्तीच होत्या, एवढं त्या पत्रांतून दिसतं.

बायबल देवाचं वचन आहे असं तुम्ही मानता की नाही?

मानतो. मात्र एकही चूक नसलेलं, आकाशातून उतरलेलं लेखी निवेदन, या अर्थाने नाही. संपूर्ण निर्दोषत्वाची जी व्याख्या आज अनेक मंडळ्यांत अनादि सत्य म्हणून शिकवली जाते, ती 1978 मध्ये शिकागोत दोनशेहून अधिक इव्हँजेलिकल नेत्यांनी सही केलेल्या निवेदनातून पक्की झाली. त्यामागची भावना जुनी असेल, पण तो काटेकोर मसुदा आधुनिक आहे.

बायबल उघडून पाहिलं तर आत एक आवाज नाहीच. बायबलातल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात हुकूम आहे की मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये. नहेम्या 13 मध्ये तोच हुकूम मोठ्याने वाचला जातो आणि परक्यांना वेगळं काढलं जातं. आणि मग रूथचं चिमुकलं पुस्तक. ते वाद घालत नाही, गोष्ट सांगतं. दुष्काळात परगावी गेलेलं कुटुंब, विधवा सासू, तिला सोडायला तयार नसलेली सून, कापणीच्या शेतात सरवा वेचणं. लेखक तिला पुन्हा पुन्हा "मवाबी रूथ" म्हणतो, आपण विसरू नये म्हणून. शेवटी चार ओळींत वंशावळ येते आणि कळतं की ही दाविदाची पणजी. म्हणजे हुकूम शब्दशः पाळला असता तर दावीदच मंडळीबाहेर राहिला असता! ही वंशावळ पुढे मत्तयच्या पहिल्या अध्यायात येशूपर्यंत जाते, आणि तिथेही रूथचं नाव आठवणीने घेतलेलं आहे.

अशी उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. निर्गम 20 म्हणतं की वडिलांच्या अन्यायाची शिक्षा मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत होते. यहेज्केल 18 म्हणतं, मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही. 2 शमुवेल 24 मध्ये दाविदाला शिरगणतीची चिथावणी परमेश्वर देतो, तर तीच हकिकत 1 इतिहास 21 मध्ये सांगताना चिथावणी सैतान देतो. नंतरच्या लेखकाला आधीची ओळ पचली नाही, म्हणून त्याने ती बदलली. आपल्याला हे विसंगत वाटतं. ज्यांनी हे ग्रंथ एकत्र जपले त्यांना तसं वाटलं नसावं, नाहीतर एखादा तरी त्यांनी गाळलाच असता. देवाबद्दलचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं बोलणं त्यांनी भांडणासकट पवित्र मानलं. आम्हीही तसंच मानतो.

म्हणजे सोयीचं तेवढं उचलायचं आणि गैरसोयीचं सोडायचं, असंच ना?

या आरोपाला टाळाटाळीचं उत्तर देण्यात अर्थ नाही. हो, निवड होते. सगळेच करतात. मिश्र धाग्यांचं कापड घालू नये हे लेवीय 19 मध्ये आहे. "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हेही त्याच अध्यायात, एकच ओळ आधी. पहिली आज्ञा किती जण पाळतात?

खरा प्रश्न आहे तो निवडीच्या कसोटीचा. लूक 4 मध्ये येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष, इथपर्यंत वाचतो आणि गुंडाळी मिटून खाली बसतो. यशया 61 उघडून पाहा, वाक्य तिथे संपत नाही. पुढचे शब्द आहेत देवाच्या सूड घेण्याच्या दिवसाबद्दल. येशूने अर्ध्या वाक्यावर वाचन थांबवलं. आमची कसोटी तीच आहे. जे वाचन बंदिवानाला सोडवतं ते पुढे न्यायचं, आणि जे सूडाला धार लावतं त्याच्याशी झगडायचं, तेही पान न फाडता.

पान फाडल्यावर काय होतं याचा नमुना 1807 चा आहे. लंडनमध्ये त्या वर्षी वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी बायबलचे "निवडक भाग" छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलात 1189 अध्याय असतात, यात 232 होते. योसेफ गुलाम म्हणून विकला जातो ती गोष्ट ठेवली होती. मोशे लोकांना मिसरातून बाहेर काढतो ती गोष्ट नव्हती. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं ही इफिसकरांसच्या पत्रातली ओळ होती, आणि ख्रिस्तात कोणी दास नाही व कोणी स्वतंत्र नाही हे गलतीकरांस 3:28 गायब. छापणाऱ्यांना बायबल पुरेपूर समजलं होतं असंच म्हणावं लागेल. कुठली पानं धोकादायक आहेत हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

उलट बाजूही पाहा. अमेरिकेत 1845 मध्ये दक्षिणेतले बॅप्टिस्ट वेगळे झाले ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही या वादावरून, आणि त्यांच्याकडे पूर्ण बायबल होतं, वचनांची रासही होती. या पापाबद्दल त्या संघटनेने ठराव करून माफी मागितली 1995 मध्ये. दीडशे वर्षं लागली. "बायबल स्पष्ट सांगतं" असं कोणी म्हटलं की मला हा आकडा आठवतो.

उत्पत्तीची कथा आणि उत्क्रांती यांचं कसं जुळवता?

जुळवत बसत नाही. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकात दोन निर्मितीकथा शेजारीशेजारी आहेत. पहिलीत आधी झाडं, पशू आणि शेवटी माणूस, दुसरीत आधी माणूस, मग बाग आणि पशू. संकलकाला हा क्रम दिसला नसेल असं समजणं त्याचा अपमान आहे. बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं की ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावावर निसर्गाबद्दल काहीबाही बोलून हसं करून घेऊ नये. विश्व प्रसरण पावतं हे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. हा विषय आमच्यापुरता मिटलेला आहे.

येशू देव आहे असं मानता का?

इथे आमच्यात एकमत नाही. पुष्कळ जण निकाया इथल्या धर्मसभेची 325 ची मांडणी, येशू पित्यासारखाच देव आहे ही, मनापासून म्हणतात. काहींना ती चौथ्या शतकातल्या ग्रीक तत्त्वज्ञानाच्या चौकटीत केलेली प्रामाणिक धडपड वाटते, आणि ते "देव कसा आहे हे मला येशूत दिसतं" एवढ्यावर थांबतात. मी उपासनेत मतांगिकार, म्हणजे श्रद्धेचं ठरलेलं निवेदन, सगळ्यांबरोबर म्हणतो. प्रत्येक शब्दाची हमी देता येते म्हणून नाही. तो शतकानुशतकं म्हणत आलेल्यांच्या रांगेत उभं राहायला आवडतं म्हणून.

देवाने आपल्या पुत्राला आमच्या जागी शिक्षा केली, हे तुम्ही नाकारता?

बरेच जण नाकारतात, आणि मीही त्यांत आहे. मात्र वधस्तंभ नाकारत नाही. तारणाचा हा एकच अर्थ पहिल्या दिवसापासून चालत आला असा समज आहे, तो चूक आहे. पहिल्या हजार वर्षांत पुष्कळदा सांगितलं जाई ते ख्रिस्ताच्या विजयाबद्दल, मृत्यू आणि सैतानाच्या तावडीतून माणसाला सोडवण्याबद्दल. देवाच्या मानाला लागलेला धक्का कसा भरून निघेल ही मांडणी कँटरबरीच्या अँसेल्मने केली 1098 च्या सुमारास, सरंजामी जगात. शिक्षेचा कायदेशीर सिद्धांत त्याहून पुढचा, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी घडवलेला. अँसेल्मनंतर काही दशकांतच तत्त्वचिंतक आबेलारने उलट बाजू लावून धरली होती, की वधस्तंभावरचं प्रेम पाहून माणूस बदलतो, देवाला बदलण्याची गरजच नव्हती.

इतिहासाच्या बाजूने बोलायचं तर येशूला रोमी सत्तेने मारलं, आणि वधस्तंभ ही गुलामांना व बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. रागावलेला देव एका बाजूला आणि मार खाणारा देव दुसऱ्या बाजूला, असं चित्र मुलांना शिकवताना काय परिणाम होतो याचा विचार पाळकांनी जरूर करावा. घरात मार खाणाऱ्या माणसाला "तूही मुकाट्याने सोस" असं सांगण्यासाठी या सिद्धांताचा वापर झालेला आहे.

आणि पुनरुत्थान?

कुडीचं पुनरुत्थान शब्दशः मानणारे पुरोगामी ख्रिस्ती आहेत. शिष्यांना आलेला जबरदस्त अनुभव म्हणून त्याकडे पाहणारेही आहेत. पौलसुद्धा 1 करिंथकरांस 15 मध्ये "प्राणमय शरीर" आणि "आध्यात्मिक शरीर" असा फरक करतो, आणि तो समजावताना त्याची दमछाक झालेली दिसते. मार्कच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत शुभवर्तमान 16:8 ला संपतं: कबर रिकामी, स्त्रिया थरथरत पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पुढच्या बारा ओळी नंतर जोडल्या गेल्या, कारण असा शेवट कोणाला सहन होईना. मला तो जुना शेवट फार खरा वाटतो. भेदरलेल्या त्या माणसांनी नंतर तोंड उघडलं, रोमला न घाबरता उघडलं. त्यांच्यात काय घडलं याचा छडा इतिहासाच्या साधनांनी लागणार नाही.

स्त्रियांनी पाळक व्हावं का?

व्हावं. रोमकरांस 16 मध्ये पौल किंख्रियातल्या मंडळीची सेविका म्हणून फिबीची शिफारस करतो. योहान 20 मध्ये पुनरुत्थानाचा पहिला निरोप घेऊन मरीया मग्दालीया जाते. दुसरं महायुद्ध चालू असताना मकाऊतल्या अँग्लिकन लोकांपर्यंत धर्मगुरू पोचू शकत नव्हते, म्हणून 1944 मध्ये फ्लॉरेन्स ली टिम-ओई या स्त्रीला धर्मगुरूपदाची दीक्षा दिली गेली. इंग्लंडच्या चर्चला तिथवर यायला 1994 उजाडलं.

समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल काय भूमिका आहे?

पूर्ण स्वागत. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, सेवा आणि अनेक मंडळ्यांत विवाहही. अमेरिकेतल्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने 2005 मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंब्याचा ठराव केला, स्वीडनच्या चर्चने 2009 मध्ये असे विवाह लावायला सुरुवात केली.

समलिंगी संबंधांना निषिद्ध म्हणणारी लेवीय 18 आणि 20, रोमकरांस 1 ही वचनं आम्हाला माहीत आहेत. त्यांत बोललं गेलं आहे ते त्या काळातल्या संबंधांबद्दल. दोन बरोबरीच्या माणसांनी आयुष्यभराची निष्ठा देण्याचा विचार त्या लेखकांपुढे होता असं दिसत नाही. देवाने नाश केलेल्या सदोम नगराची गोष्टही समलिंगींविरुद्ध काढली जाते; त्या नगराचं पाप कोणतं, हे यहेज्केल 16:49 मध्ये सरळ लिहिलं आहे: गर्व, अन्नाची रेलचेल, स्वस्थता, आणि गरिबांना हात न देणं. हे वचन या वादात फारसं कोणी काढत नाही, हे विशेष.

पण मला वचनांच्या या कुस्तीपेक्षा दुसरी एक वाट महत्त्वाची वाटते. अनुवाद 23 च्या सुरुवातीलाच नपुंसक केलेल्या पुरुषाला मंडळीत मज्जाव आहे. यशया 56 मध्ये देव त्यालाच म्हणतो की "मी शुष्क वृक्ष आहे" असं म्हणू नकोस, तुला माझ्या घरात पुत्रकन्यांहून श्रेष्ठ असं नाव देईन. मग प्रेषितांची कृत्ये 8. गाझाच्या रस्त्यावर कूश देशाचा (आफ्रिकेतला) एक षंढ रथात बसून यशयाच वाचतो आहे. वाटेत पाणी दिसतं तेव्हा तो सोबत आलेल्या फिलिप्प या ख्रिस्ती प्रचारकाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? अडचण होती, ती नियमशास्त्रात लिहिलेली होती. फिलिप्प ती काढत नाही. दोघं पाण्यात उतरतात.

मग नरक नाहीच का? आणि इतर धर्मांची माणसं?

अनंतकाळ छळणारा देव आणि हरवलेल्या मेंढरासाठी नव्याण्णव मागे सोडून निघणारा देव एकच असू शकत नाही, असं मला वाटतं. शेवटी सगळ्यांचं पुनःस्थापन होईल ही आशा वर सांगितलेल्या ग्रेगरीनेही धरली होती, आणि चर्चने त्याला संत मानलं.

"माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही" हे येशूचं योहान 14 मधलं वाक्य घाबरलेल्या शिष्यांना धीर देताना आलं आहे. जगातल्या धर्मांची वर्गवारी करायला येशू बसलेला नव्हता. मत्तय 25 मध्ये शेवटच्या न्यायाच्या वेळी विचारलं जातं ते भुकेल्याला जेवू घातलंस का, तुरुंगात भेटायला गेलास का. सुवार्ता सांगणं आम्ही सोडलेलं नाही. समोरच्याला नरकाची भीती घालणं सोडलं आहे.

प्रार्थनेने आजार बरा होतो का?

आजारी माणसासाठी प्रार्थना करा आणि औषधही द्या. बरं न वाटल्यास "विश्वास कमी पडला" असं कधीही म्हणू नका. स्तोत्र 88 वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच थांबतं. तेही प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं, म्हणजे असं बोलायलाही देवापुढे परवानगी आहे.

स्वर्गात जाण्याची खात्री नसेल, तर आशा कशाची?

मृत्यूनंतर आपण देवाच्या हातात आहोत, एवढा भरवसा बहुतेकांना असतो. तपशील आम्ही सांगत नाही. विश्वासणाऱ्यांना एका क्षणात वर उचलून घेतलं जाईल आणि पृथ्वी मागे जळत राहील, हे चित्र ज्या रूपात आज गाजतं ते एकोणिसाव्या शतकात धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडलं. प्रकटीकरण 21 मध्ये दिशा उलटी आहे: नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि देव माणसांत वस्तीला येतो. रोमकरांस 8 मध्ये सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हते आहे, आणि तिचीही सुटका व्हायची आहे. पृथ्वी तापत असताना "आपण तर इथले पाहुणे" म्हणून मोकळं होता येत नाही ते यामुळे.

आशेवर ज्यांनी सर्वांत खोलवर लिहिलं ते जर्मन धर्मचिंतक युर्गन मोल्टमन. 1943 च्या जुलैत हँबर्गवर बाँबवर्षाव झाला तेव्हा ते विमानविरोधी तोफेवर नेमलेले शाळकरी पोरगं होते. शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला, ते वाचले. घर धार्मिक नव्हतं, तरी त्या रात्री त्यांनी देवाला हाक मारली: तू कुठे आहेस? पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत असताना एका लष्करी पाळकाने बायबल दिलं. त्यात स्तोत्र 39 भेटलं आणि मार्कमधली येशूची "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" ही आरोळी भेटली. आपल्याला समजून घेणारा कोणीतरी आहे असं तिथे त्यांना वाटलं. 1964 मधल्या त्यांच्या पुस्तकाने आशेला धर्मविचाराच्या शेवटच्या प्रकरणातून उचलून पहिल्या प्रकरणात आणलं. आशा धरणारा माणूस आहे त्या परिस्थितीशी जुळवून घेत नाही, तो तिच्याशी भांडत राहतो, असं त्यांच्या मांडणीचं सार सांगता येईल.

आशावाद वेगळा. सगळं ठीक होईल असा अंदाज बांधायला आकडे अनुकूल लागतात. यिर्मया 32 मध्ये बाबेलच्या सैन्याचा यरुशलेमला वेढा पडलेला आहे, संदेष्टा स्वतः कैदेत आहे, आणि तो सतरा शेकेल तोलून देऊन अनाथोथातलं शेत विकत घेतो. खत लिहितो, साक्षीदार घेतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती मडक्यात घालून ठेवायला लावतो. शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या जमिनीची इतकी चोख कागदपत्रं! पुन्हा या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढ्या एका शब्दावर.

अशा उदार मंडळ्या तर रिकाम्या होत चालल्या आहेत. हे अपयश नाही का?

युरोप-अमेरिकेत त्या आटल्या आहेत, हे लपवून उपयोग नाही. मात्र पुराणमतवादी सदर्न बॅप्टिस्टांची सभासदसंख्याही 2006 मध्ये 1 कोटी 63 लाखांवर होती ती 2023 पर्यंत 1 कोटी 30 लाखांच्या खाली आली, तेव्हा उदारपणा हे एकच कारण नसावं. आमचा खरा कच्चा दुवा मला दुसरीकडे दिसतो. आम्ही काय मानत नाही हे आम्ही तासभर सांगू शकतो, आणि उपवास, नित्य प्रार्थना, आजाऱ्याची भेट या गोष्टींत ढिले पडतो. पाळकाचं प्रवचन वृत्तपत्राच्या अग्रलेखासारखं वाटायला लागलं की लोक घरी बसून अग्रलेखच वाचतात.

हे घरी आणि पाळकांना कसं सांगू?

सगळं एकदम सांगायची गरज नाही. आजीला तिच्या विश्वासाने आयुष्यभर तारलं असेल, तर तिच्याशी उत्पत्तीवर वाद घालण्यात काही शहाणपण नाही. पाळकांना एकांतात भेटा आणि निष्कर्ष सांगण्याऐवजी एखादा प्रश्न विचारा, उदाहरणार्थ रूथ आणि अनुवाद 23 यांचाच. पुष्कळ पाळकांनी हे सगळं धर्मविद्यालयात शिकलेलं असतं आणि व्यासपीठावरून बोलायची त्यांना सोय नसते. त्यांना तुमच्या येण्याने बरंही वाटेल. प्रश्न विचारल्याबद्दल धमकावलं गेलं, प्रभुभोजन नाकारलं गेलं किंवा तुमची खासगी गोष्ट मंडळीत फोडली गेली, तर दुसरी मंडळी शोधायला मोकळे आहात. सापडेपर्यंत दोघा-तिघांनी मिळून आठवड्यातून एकदा मार्कचा एक अध्याय वाचा. सोळाच अध्याय आहेत.